दहा लाखाला एकोणसाठ कमी

टॅक्सी करकचून थांबली तसा तिचा हात आपोआप कुशीतल्या लेकीच्या, गठुड्याच्या, डोक्यामागे गेला. डोक्यावर गुंडाळलेली गादी घेऊन एक माणूस रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि गादीमुळे त्याला ना टॅक्सी दिसत होती ना टॅक्सीवाल्याचा चेहरा. गठुडं जागं झालं नाही. सकाळी लस टोचलेल्या मांडीवर हात ठेवून ते तसंच, तोंड अर्धं उघडं टाकून झोपलेलं राहिलं. "लागलं नाही ना, ताई?" टॅक्सीवाल्यानं मागे वळून विचारलं, आणि ती नाही म्हणाली तरी त्याला काहीतरी भरपाई केल्यासारखं वाटावं म्हणून की काय, त्यानं स्टिअरिंगमागच्या किलोमीटरच्या काचेवर बोट टेकवलं. "हे बघा. नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे एक्केचाळीस. आणखी एकोणसाठ किलोमीटर की दहा लाख पुरे. मग सगळी शून्यं. गाडी परत कोरी." मग गठुड्याकडे बघून म्हणाला, "हिला कितवा?" "पाचवा महिना." "मग हिचं रनिंग बरंच कमी आहे," असं म्हणून तो आपल्याच विनोदावर इतका हसला की गादीवाला निघून गेला तरी त्याला गाडी हलवायचं भान राहिलं नाही. ती मात्र काचेमागच्या आकड्याकडे बघत होती. ९९९९४१. शेवटी एक, म्हणजे दोनानं नाही, पाचानं नाही. अंकांची बेरीज एक्केचाळीस, म्हणजे तिनानं नाही. सातानं पाच उरतात. अकरानं आठ. तेरानं सात. टॅक्सी चालू लागली, दुकानांच्या पाट्या मागे सरकल्या, आणि सतरानं जेमतेम एक उरला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण भागाकार करतोय. कुणी सांगितलेलं नसताना, कशाला लागत नसताना. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

आदल्याच दिवशी बाकीसरांचा फोन आला होता. ती शिकवत होती त्या कॉलेजातल्या गणित विभागाचे ते प्रमुख. सगळे घरी गेले तरी ते विभागात उरतात म्हणून मुलांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. एकदा फळ्यावर भागाकार करून दाखवताना त्यांनी स्वतःच बाकीकडे बोट दाखवून "हा मी" असं म्हटलं होतं. फोनवर त्यांनी गठुड्याची चौकशी केली, सासूबाईंची केली, आणि मग एक लांब श्वास घेऊन म्हणाले, "संख्या-सिद्धांताचा पेपर तुझाच आहे. पण पुढच्या सत्रात येणार की नाही ते मला पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत कळायला हवं. नाहीतर बदलीवर आलेल्या मुलालाच कायम द्यावा लागेल. घाई करत नाही हं. म्हणजे करतोच आहे." ती "कळवते सर" म्हणाली. यायचं नाही असं नव्हतंच. भीती वेगळीच होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. गठुडं सव्वा महिन्याचं असताना दवाखान्यातल्या नर्सनं वजन करून विचारलं होतं, "जन्माला दोन किलो नऊशे, आज तीन किलो सहाशे पन्नास. किती वाढलं सांगा बरं, आई?" सहज, लाडानं विचारलं होतं. आणि ती, जिनं वर्षानुवर्षं पोरांना फळ्यावर भलेभले सिद्धांत सिद्ध करून दाखवले, ती नुसतीच उभी राहिली. दोन आकडे समोर होते, त्यांच्यामध्ये जे करायचं ते मात्र सापडेना. अंधारात भिंतीवरचं बटण चाचपावं तसं ती डोक्यात चाचपत राहिली. नर्सनंच बोटांवर मोजून सांगितलं, साडेसातशे ग्रॅम, शाब्बास गं बाई, आणि ही शाब्बासकी गठुड्याला होती. त्या दिवसापासून तिनं डोक्याच्या त्या खोलीत जायचंच टाळलं होतं. दार उघडलं आणि आत काहीच नसलं तर, असं वाटायचं.

आणि आता टॅक्सीत दार आपणहून उघडलं होतं. घर येईपर्यंत ती एकतीसपर्यंत पोचली होती. जिन्यात, गठुडं खांद्यावर आणि पिशवी कोपरात, तिनं स्वतःशी एक अट घातली. हा आकडा मूळ आहे की नाही ते आपण शोधून काढायचं. कागद नाही, फोन नाही. हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी एकेक करून भागून बघायचं. त्याच्या पुढे जायची गरज नाही, कारण दोन अवयवांतला एक तरी हजाराच्या आत येणारच. अशा मूळ संख्या एकशे अडुसष्ट. सगळ्या पार झाल्या, नीट झाल्या, तर बाकीसरांना हो म्हणायचं. मध्येच हरवलो तर नाही. पोरकट अट होती, पण पोरकटपणाशी तिची जुनी ओळख होती. तिची आई घरी बसून शर्टांना बटणं लावायची, आणि सुट्टीच्या दिवशी शंभर-शंभर बटणांचे डबे तिच्या ताब्यात असायचे. ती बटणांचे चौकोन मांडायची. बारा बटणं तीन ओळींत शहाण्यासारखी बसत, पंधरा बसत, एकवीस बसत. तेरा मात्र कशीही मांडा, एक बटण बाहेर लोंबकळायचं. सतराचंही तेच, तेवीसचंही. तिनं त्यांना हट्टी म्हणायला सुरुवात केली. आई दातात दोरा धरून विचारायची, "आज किती हट्टी सापडले?" आणि ती सांगायची, "एक आणि एक मी." शाळेत बाईंनी मूळ संख्या शिकवल्या तेव्हा तिला वाटलं होतं, अरे, या तर आपल्याच घरच्या.

मग नऊ दिवस ते घर त्या आकड्याच्या तालावर चाललं, म्हणजे तालावर चाललं असं फक्त तिला वाटत होतं. बाकीच्यांच्या लेखी दुपटी, दूध, ढेकर, झोप हेच चाललं होतं. गठुडं छातीशी असताना त्रेचाळीस आणि सत्तेचाळीस झाले. दुपटी वाळत घालताना त्र्याहत्तर. बटाटे सोलताना एकशे एक, जो इतका सोपा निघाला की तिला हसू आलं. आकडा डोळ्यांसमोर ठेवायचा, त्याच्यातून मोठा तुकडा उचलायचा, उरलेल्यातून आणखी एक, मग आणखी एक, आणि शेवटी हातात जी चिमूटभर बाकी राहील ती बघून सोडून द्यायची. यात एक सुख होतं, आणि ते कशासारखं तर गठुड्याची नखं कापताना असतं तसं. श्वास धरून, जगातलं बाकी सगळं बाहेर ठेवून, एका इवल्याशा काठावर. कधी बाकी मोठी यायची, कधी दोन नाहीतर तीन, आणि बाकी लहान आली की तिच्या छातीत धस्स व्हायचं. कुणी दार वाजवतं वाजवतं म्हणावं आणि वाजवू नये तसं. आपला आकडा मूळ निघावा असं तिला वाटायला लागलं होतं. का, ते तिनं विचारलं नाही.

अडचण एकच होती. मध्येच रडणं ऐकू आलं की कुठं होतो ते विसरायला व्हायचं. परत येऊन एकशे सदतीस झाला होता की एकशे एकोणचाळीस, यातच दहा मिनिटं जायची. यावर तोड सासूबाईंनी काढली. त्यांनी अख्खं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलं होतं, हेडफोन लावून, एका हातात वायर आणि दुसऱ्या हातात पेन्सिल, आणि लोकांचे नंबर अजूनही त्यांच्या डोक्यात भांड्यांसारखे रचलेले होते. "अगं, मला दे की," त्या म्हणाल्या. "जाताना आकडा मला सांगायचा, आल्यावर मागायचा. मी चाळीस चाळीस नंबर धरून ठेवलेत एकेका पाळीला. तुझा एक काय जड आहे?" तेव्हापासून ती उठताना म्हणायची, "आई, दोनशे एकोणतीस." सासूबाई पेपरमधून मान वर न करता एक्स्चेंजच्या सुरात म्हणायच्या, "दोन, दोन, नऊ. धरला." आणि ती परत आली की "दोन, दोन, नऊ. बोला." झालेला आकडा ती द्यायची, आणि त्याच्या पुढचा घ्यायची. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच होत होतं. नवऱ्याला ही सगळी भानगड कळली तेव्हा तो चष्म्याच्या दुकानातून नुकताच आला होता, भिंगं घासून घासून त्याची बोटं पांढुरकी झालेली. त्यानं खिशातून फोन काढला. "सांग आकडा. दोन सेकंदात निकाल." "हात लावशील तर याद राख," ती म्हणाली. "अगं पण मूळ आहे की नाही ते—" "तुला गिऱ्हाइकानं सांगितलं की माझ्या डोळ्याचा नंबर शेजाऱ्याला विचारून घ्या, तर चालेल?" तो फोन खिशात ठेवून म्हणाला, "आई, हिची तब्येत सुधारली." सासूबाई म्हणाल्या, "मग? भांडायला लागली म्हणजे बरी झाली."

पाचशेच्या पुढे तिचा हात बसला. सहाव्या दिवशी दुपारी, गठुडं पाळण्यात, पंखा मंद, खिडकीतून समोरच्या बांधकामावरचा ठोक ठोक आवाज एका लयीत येणारा, पाचशे एकोणसत्तर झाला, दोनशे आठ उरले. पाचशे एकाहत्तर झाला, एकशे वीस उरले. इतक्या झटपट की ती थांबलीच नाही, पुढचा पाचशे सत्याहत्तर हातात घेतला, आणि पाळण्यातून किंकाळी आली. पोट दुखण्याचं रडणं, ते वेगळंच असतं. ती उठली, "आई, पाचशे सत्याहत्तर," असं ओरडली आणि धावली. "पाच, सात, सात. धरला." तासभर गठुडं पालथं मांडीवर, पाठीवर गोल गोल हात, डोळ्यांत पाणी दोघींच्याही. ते शांत झाल्यावर ती घामेजलेल्या केसांनी बाहेर आली. "कुठं होते मी?" "पाच, सात, सात. बोला." तिनं पाचशे सत्त्याऐंशी घेतला. दोनशे ऐंशी उरले.

गुरुवारी संध्याकाळी उजेड असतानाच नऊशे सत्त्याण्णव आला, शेवटचा, आणि पुऱ्या भागाला पन्नास कमी पडले. संपलं. एकालाही भाग गेला नव्हता. ती ओट्याशी उभी होती, दूध उतू जाण्याच्या बेतात होतं, तिनं गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिली. आनंद असा उसळला वगैरे नाही. एखाद्या घरात खूप दिवसांनी जावं आणि सगळ्या खोल्यांत दिवे लागतात का ते बघत फिरावं, तसं ती डोक्यातून फिरून आली. लागत होते. शुक्रवारी दुपारी तिनं बाकीसरांना फोन करून सांगितलं, येते. आणि राहवेना म्हणून आकड्याचंही सांगितलं, सगळं, टॅक्सीपासून. सर इतके खूश झाले की त्यांना ठसका लागला. "मला दहा लाखाच्या अगदी जवळची मूळ संख्या हवीच होती. सराव-पुस्तिका उद्या पाच वाजता छापायला जातेय. ही घालतो, तोंडी तपासलेली म्हणून. मुलांना जरा लाज वाटू दे." ती नको नको म्हणाली, पण ते न म्हणण्याइतकंच.

शनिवारी दुपारी ती भिंतीला टेकून बसली होती, गठुडं दूध पिता पिता झोपलेलं पण सोडत नव्हतं, आणि हलायची सोय नव्हती. करायला काही उरलं नाही म्हणून तिनं पुन्हा आकडाच काढला, आता निव्वळ लाड म्हणून. मूळ संख्येला चारानं भागून एक उरत असेल, तर तिचे दोन वर्ग होतात. तेरा म्हणजे नऊ आणि चार. सतरा म्हणजे सोळा आणि एक. बटणांचे हट्टी ढीग, चौकोनात बसायला तयार नसलेले, ते दोन लहान चौरसांत मात्र गुपचूप बसतात, आणि एकाच तऱ्हेनं बसतात, दुसरी तऱ्हा नाहीच. हे तिला पहिल्यांदा कळलं तेव्हा ती तीन दिवस हवेत होती. आपल्या आकड्यालाही चारानं एकच उरत होता. म्हणजे त्याचेही दोन चौरस कुठेतरी असणार. ती वरून शोधत खाली आली. नऊशे नव्याण्णवचा वर्ग काढला तर चारानंच हुकलं. शेवटचा अंक बघून निम्म्याहून जास्त वाटेतच गळत होते. गठुड्याच्या गालाखाली तिचा हात घामानं चिकटला होता, बाहेर कुणीतरी जिना झाडत होतं, झाडूचा आवाज एकेक पायरी उतरत होता. नऊशे एकोणतीस. त्याचा वर्ग आठ लाख त्रेसष्ट हजार एक्केचाळीस. उरले एक लाख छत्तीस हजार नऊशे, आणि हा तर तीनशे सत्तरचा वर्ग, उघडा, समोर! ती एकटीच हसली. इथं थांबायला हरकत नव्हती. पण गठुडं अजून सोडत नव्हतं, आणि डोकं उतारावर होतं, म्हणून ती तशीच खाली जात राहिली, कुठल्याही हेतूशिवाय, झोपेत माणूस कूस बदलतो तशी. आठशे पंच्याण्णव. वर्ग आठ लाख एक हजार पंचवीस. उरले एक लाख अठ्ठ्याण्णव हजार नऊशे सोळा. चारशे शेहेचाळीस. तिनं पुन्हा केलं. चारशे शेहेचाळीसचा वर्ग, एक लाख अठ्ठ्याण्णव हजार नऊशे सोळा.

दोन तऱ्हा. झाडूचा आवाज खालच्या मजल्यावर थांबला. दोन तऱ्हा म्हणजे मूळ नाही. यात वाद नाही, कदाचित नाही, पुन्हा बघू नाही. नऊ दिवस, एकशे अडुसष्ट पायऱ्या, आणि कुठेतरी एक पायरी तिनं चुकवली होती किंवा चुकीची मोजली होती, आणि तिच्या जोरावर ती हो म्हणून बसली होती, आणि वर सरांच्या पुस्तिकेत घालून बसली होती. म्हणजे नर्ससमोर उभी राहिलेली तीच खरी होती. बाकी सगळा दिव्यांचा भास. पण घाबरलेल्या माणसाचेसुद्धा हात काम करत राहतात, तसं तिचं डोकं पुढे चाललंच होतं, कारण दोन तऱ्हा सापडल्या की त्यांच्यातूनच अवयव काढता येतो. मोठ्या दोन संख्यांतला फरक चौतीस, लहान दोघांतला शहात्तर. दोन्हींना दोनाचा भाग जातो, त्याचा निम्मा एक. मोठ्या दोघांची बेरीज अठराशे चोवीस, लहानांची आठशे सोळा. दोन्हींना अठ्ठेचाळीसचा भाग जातो, त्याचा निम्मा चोवीस. चोवीसचा वर्ग पाचशे शहात्तर, आणि एक.

"आई," तिनं हळूच हाक मारली, गठुडं उठू नये म्हणून. सासूबाई दारात आल्या, हातात चष्मा. "आई, तुम्ही मला पाचशे सत्याहत्तर धरायला दिलेला आठवतो?"

"मी दिलेला नाही बाई. तू दिलास. मी धरला. आणि जसा दिलास तसा परत केला."

"तो झालेला नव्हता. मी तो नुकताच घेतला होता."

सासूबाई दाराच्या चौकटीला टेकल्या. त्यांचा चेहरा जरासा पडला. "मला वाटलं होतं विचारावं. आमच्याकडे पाळी बदलताना दोन रकाने असायचे. लागलेले नंबर इकडे, लावायचे तिकडे. आकडा नुसता कधी द्यायचाच नाही. पण तू ओरडून पळालीस, पोर रडत होतं. म्हटलं, सवयीनं झालेलाच दिला असशील." मग थांबून म्हणाल्या, "भाग जातो का त्यानं?"

तिनं भागलं, गठुड्याच्या डोक्यावर हनुवटी टेकवून. "सतराशे तेहेतीस वेळा. बाकी काही नाही."

"बघ. एकशे अडुसष्टात नेमका तोच पाहुणा आपण दारातून परत पाठवला." सासूबाईंना हसू फुटत होतं, पण सुनेकडे बघून त्यांनी ते आवरलं. "रडतेस काय?"

"सरांना मी सांगितलं की मूळ आहे. मी सांगितलं की मला येतं."

"मग आता हे पकडलं कुणी? शेजारणीनं?"

खोलीत ऊन तिरकं झालं होतं आणि पाळण्याच्या दांड्यांची सावली फरशीवर लांबत चालली होती. तिला वाटलं, अट मोडली आहे. नीट झालं तर जायचं असं ठरलं होतं, आणि नीट झालेलं नाही. आणि त्याच वेळी तिला हेही जाणवत होतं की ही अट घालणारी बाई टॅक्सीतून उतरलेली, पिशवी कोपरात अडकवलेली, स्वतःवर विश्वास नसलेली अशी कुणीतरी होती, आणि तिचं ऐकायचं कारण आपल्याला आता आठवत नाही. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. पुस्तिका पाचला छापायला जाणार होती. तिनं करंगळी घालून गठुड्याची ओढ सोडवली, त्याला सासूबाईंच्या हातात दिलं, आणि त्या आतल्या खोलीत गेल्या तसा फोन लावला.

"सर, ती संख्या काढा. मूळ नाही." पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "एक अवयव माझ्याकडून तपासायचाच राहिला. पाचशे सत्याहत्तर."

"हं," सर म्हणाले. "कळलं कसं?"

मग ती सांगायला लागली. पहिला चौरस, दुसरा चौरस, मग दुसरी तऱ्हा. फरक, बेरजा, चोवीस आणि एक. सांगता सांगता ती खोलीत फेऱ्या मारायला लागली, वर्गात मारते तशा, मोकळ्या हातानं हवेत लिहीत, आणि मध्येच सर "थांब थांब, आठशे पंच्याण्णव, लिहू दे" म्हणाले तेव्हा "फळा पुसू नका अजून" असं तिच्या तोंडून निघून गेलं आणि दोघंही हसले. आतल्या खोलीत गठुडं कुरकुरलं. तिच्या छातीत कळ आली आणि दूध आपणहून वाहायला लागलं, ब्लाउज ओला झाला, पोटापर्यंत ओघळ गेला. तिनं दुपटं उचलून छातीशी दाबून धरलं आणि बोलत राहिली, कारण चोवीस का, अठ्ठेचाळीस का नाही, हे अजून सांगायचं बाकी होतं.

"हेच घालतो मग," सर शेवटी म्हणाले. "प्रश्न म्हणून. दोन तऱ्हा देतो, अवयव काढा म्हणतो. पण तू... येणार आहेस ना?"

"येणार आहे. पण पहिला तास पावणेनऊचा ठेवू नका. त्या वेळी तिचं पोट भरायचं असतं."

"किती करू?"

"साडेनऊ."

"सव्वानऊ."

"साडेनऊ, सर," ती म्हणाली. आतलं कुरकुरणं आता चांगलंच मोठं झालं होतं, आणि ती सर हो म्हणण्याची वाट बघत, ओल्या दुपट्यासकट, तिथंच उभी राहिली.